कबुतर किती दिवस घाबरते?

शहरातल्या कुठल्याही इमारतीच्या मागच्या बाजूला उभे राहून मान वर केली की कबुतरांवरचे बहुतेक सगळे घरगुती उपाय एका नजरेत दिसतात. ग्रिलला सुतळीने बांधलेल्या जुन्या सीडी, वाऱ्यावर फडफडणारी चंदेरी फीत, एसीच्या युनिटवर बसवलेले प्लास्टिकचे घुबड, कुंडीत वेटोळे घालून ठेवलेला रबरी साप, कुठे रंगीत भिंगरी, कुठे नुसतीच फुगलेली काळी पिशवी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यांतल्या एकानेही कबुतराला हात लावायचा नसतो की त्याची वाट अडवायची नसते. कबुतराने पाहावे, घाबरावे आणि आपणहून निघून जावे, एवढीच अपेक्षा. उपाय स्वस्त, त्यात कोणाला इजा नाही आणि तो करायला सुताराची किंवा सोसायटीच्या परवानगीची गरज नाही, त्यामुळे तो लोकप्रिय असल्याचे नवल वाटू नये. नवल याचे वाटते की त्याच घुबडाच्या शेजारी, कधी कधी तर त्याच्या डोक्यावर, कबुतर निवांत बसलेले असते आणि तरीही पुढच्या महिन्यात शेजारच्या खिडकीत नवे घुबड येते. हे पाहून काही जण असे उपाय म्हणजे निव्वळ थोतांड, असे ठरवतात. काहींना वाटते की आपले घुबड पुरेसे खरे वाटत नाही, जरा महागातले आणायला हवे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. नवी, विचित्र वस्तू कबुतराला खरोखरच घाबरवते, पण ती भीती मोजक्या दिवसांची असते. आपली गरज त्या दिवसांत भागणारी असेल तर उपाय चांगला. घराच्या सज्ज्याच्या बाबतीत ती सहसा भागत नाही, आणि याची कारणे पक्ष्याच्या स्वभावात जेवढी आहेत तेवढीच आपल्या इमारतींच्या बांधणीत आहेत.

आधी पक्षी. आपल्या सज्ज्यावरचे कबुतर म्हणजे मूळचा कड्याकपारीत राहणारा पारवा. सह्याद्रीच्या कड्यांत, किल्ल्यांच्या तटबंदीच्या भोकांत, जुन्या बारवांच्या कोनाड्यांत पारवे आजही घरटी करतात. माणसाने हजारो वर्षांपूर्वी हा पक्षी पाळला, त्याच्या नाना जाती तयार केल्या, आणि पाळलेल्यांतले सुटलेले पक्षी पुन्हा शहरांत मोकळे झाले. या सगळ्या जाती एकाच रानपारव्यापासून आल्या, हे चार्ल्स डार्विनने १८५९ च्या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात मांडले, आणि त्यासाठी त्याने स्वतः कबुतरे पाळली होती. कड्यावरच्या पक्ष्याला घरटे करायला झाड लागत नाही. त्याला हवी असते उंचावरची अरुंद, सपाट, वरून आडोसा असलेली जागा, जिथे मांजर चढू शकत नाही. आपण बांधलेला खिडकीवरचा छज्जा, एसीचे युनिट आणि भिंत यांमधली फट, संडास-न्हाणीच्या पाइपांचा डक्ट या जागा त्या वर्णनात तंतोतंत बसतात. त्यात कबुतराची वीण वर्षभर चालू शकते. एका वेळी दोन अंडी, ती उबवायला साधारण अठरा दिवस आणि पिल्ले उडायला महिनाभर. पिल्लांना सुरुवातीला आईबाप दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव भरवतात. बहुतेक दाणे खाणारे पक्षी पिल्लांसाठी किडे शोधतात, त्यामुळे त्यांची वीण किड्यांच्या हंगामाला बांधलेली असते. कबुतराला ते बंधन नाही. दाणे मिळत असले की झाले, आणि शहरात ते कधी मिळत नाहीत? म्हणजे आपल्या सज्ज्यावर येणाऱ्या पाहुण्याला तिथे येण्याची गरज वर्षाचे बाराही महिने आहे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

आता त्याचा डोळा आणि डोके. कबुतर मठ्ठ असते अशी आपली समजूत आहे, आणि प्लास्टिकच्या घुबडाचा सगळा व्यापार या समजुतीवर चालतो. प्रयोगशाळेतला अनुभव अगदी उलटा आहे. रिचर्ड हर्नस्टीन आणि डोनाल्ड लव्हलँड यांनी १९६४ मध्ये दाखवले की फोटोत माणूस आहे की नाही हे ओळखायला कबुतरे शिकतात, मग तो माणूस लहान असो, मोठा असो, कोपऱ्यात असो की अर्धा झाकलेला असो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका कामात कबुतरांना तीनशेवीस चित्रे शिकवली गेली. त्यांतली कोणती ‘फायद्याची’ आणि कोणती ‘बिनफायद्याची’ हे त्यांना वर्षाहून अधिक काळ लोटल्यावरही आठवत होते. जपानच्या शिगेरू वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कबुतरांना मोने आणि पिकासो यांच्या चित्रांतला फरक शिकवला, आणि आधी कधीच न पाहिलेल्या चित्रांवरही त्यांनी तो बऱ्यापैकी बरोबर लावला. या प्रयोगावर लोक अजून हसतात, पण त्यात हसण्यासारखे फारसे नाही. आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग पॅरिसच्या मोकळ्या कबुतरांवर झाला. वेगवेगळ्या रंगांचे कोट घातलेल्या दोन व्यक्तींनी त्यांना दाणे टाकले. एकीने काही केले नाही, दुसरीने त्यांना हाकलले. पुढे दोघीही शांत राहू लागल्या तरी पक्षी हाकलणारीला टाळत राहिले, आणि दोघींनी कोट बदलले तरी फसले नाहीत. माणसामाणसांतला फरक लक्षात ठेवणाऱ्या या पक्ष्याकडून आपण अशी अपेक्षा करतो की महिनाभर एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या घुबडाबद्दल त्याला काहीच उमगू नये.

हे उमगणे म्हणजे नेमके काय, यावर प्राणिवर्तनाच्या अभ्यासात एक जुना आणि उद्बोधक वाद आहे. १९३० च्या दशकात कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांनी पुठ्ठ्याची एक आकृती पक्ष्यांच्या डोक्यावरून सरकवून पाहिली. तिचे आखूड टोक पुढे ठेवले की ती ससाण्यासारखी दिसे आणि लांब टोक पुढे ठेवले की मान ताणून उडणाऱ्या हंसासारखी. पक्षी पहिल्या आकृतीला जास्त घाबरतात असे त्यांनी नोंदवले, आणि त्यावरून बरीच वर्षे असा अर्थ काढला गेला की शिकारी पक्ष्याच्या आकाराची भीती पक्षी जन्मतःच घेऊन येतात. प्लास्टिकचे घुबड विकणाऱ्याला याहून चांगला आधार कोणता हवा! पण पुढे वोल्फगांग श्लाइट यांनी टर्कींवर केलेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून वेगळेच दिसले. पक्ष्यांनी जी आकृती वारंवार पाहिली होती तिची भीती मेली होती, आणि जी क्वचित दिसे तिला ते दचकत. ससाणा दुर्मीळ आणि हंस रोजचा, म्हणून ससाण्याची भीती टिकून होती. त्यात आकाराची जादू फारशी नव्हती. हे पटायला टर्कींपर्यंत जायची गरज नाही. मुंबईच्या आकाशात दिवसभर घारी घिरट्या घालतात, खऱ्याखुऱ्या, जिवंत, बाकदार चोचीच्या. आणि खाली टाकीवर बसलेली कबुतरे त्यांच्याकडे फारसे लक्षही देत नाहीत, कारण घार धडधाकट कबुतराच्या वाटेला क्वचितच जाते. उलट हिवाळ्यात एखादा बहिरी ससाणा त्या भागात आला की सगळा थवा एका क्षणात उधळतो. पक्ष्याची भीती अशी अनुभवाने तासून निघते. खरा शिकारी त्याच्यासमोर असूनही निरुपद्रवी ठरला की तो त्याला घाबरत नाही, तर प्लास्टिकच्या शिकाऱ्याची काय कथा?

नुसत्या दिसण्यापेक्षा घडण्याला किती महत्त्व आहे, हे अमेरिकी संशोधक मायकेल कोनोव्हर यांनी १९८५ मध्ये दाखवले. भाजीच्या वाफ्यांवर येणाऱ्या कावळ्यांसाठी त्यांनी घुबडाची प्रतिकृती लावली, पण तिच्या पायांत एक नकली कावळा पकडलेला होता, आणि घुबडाचे पंख किंवा तो कावळा हलत राहील अशी सोय केली होती. या हलत्या, ‘शिकार करणाऱ्या’ घुबडाने वाफे राखले. न हलणाऱ्या साध्या घुबडाने राखले नाहीत. कावळा आणि कबुतर वेगळे पक्षी असले तरी यातला बोध दोघांना लागू पडतो. पक्ष्याला प्रश्न पडतो तो असा: इथे बसलो तर माझे काय होईल? आणि या प्रश्नाचे उत्तर त्याला चित्रातून नव्हे, घटनेतून मिळते. आपण घुबड बसवून आत जातो. पहिल्या दिवशी कबुतर लांबून पाहते, दुसऱ्या दिवशी समोरच्या कठड्यावर येते, मग जरा जवळ. दरवेळी काहीच घडत नाही. या प्रत्येक ‘काहीच न घडण्याने’ आपणच त्याला शिकवत असतो की ही जागा सुरक्षित आहे. वर्तनशास्त्रात याला सरावाने प्रतिसाद विरणे म्हणतात, आणि ते अत्यंत उपयुक्त आहे. झाडाच्या हलणाऱ्या प्रत्येक फांदीला जन्मभर घाबरणारा पक्षी उपाशीच मेला असता.

एकेका वस्तूकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. सीडी किंवा चंदेरी फीत चमकते ती ऊन पडले आणि वाऱ्याने ती फिरली तरच. कबुतरांच्या आवडीच्या जागा, म्हणजे डक्ट, उत्तरेकडचा छज्जा, एसीमागची सांदी, या मुळातच बिनउन्हाच्या आणि बिनवाऱ्याच्या असतात. आणि पावसाळ्याचे चार महिने आकाशच झाकोळलेले असते. म्हणजे जिथे हवी तिथे आणि जेव्हा हवी तेव्हा सीडी नुसतीच लोंबकळत असते. डोळे रंगवलेले फुगे नवे असताना पक्ष्यांना बुजवतात, मग ते फुगेच राहतात. आरशाची गोष्ट तर गमतीची आहे. कबुतर थव्यात राहणारे असल्यामुळे आरशात त्याला शत्रू नव्हे, सोबती दिसण्याचीच शक्यता जास्त. १९३९ मध्ये हॅरिसन मॅथ्यूज यांनी दाखवले की एकट्या ठेवलेल्या मादी कबुतराला समोर नुसता आरसा असला तरी ती अंडी घालू शकते. दुसरा पक्षी नसला तरी स्वतःचे प्रतिबिंबही तिच्या शरीराला पुरते. प्रयोग पिंजऱ्यातला आहे, त्यामुळे आपल्या खिडकीत आरसा लावल्याने अंडी वाढतील असे म्हणणे अति होईल, पण हाकलण्यासाठी आरसा ही निवड काही शहाणपणाची नाही. याच घराण्यातला नवा आणि महाग सदस्य म्हणजे पक्ष्यांना अतिनील प्रकाशात ज्वाळेसारखा दिसतो असा दावा केलेला लेप. कबुतरांना अतिनील दिसते, हे खरे आहे. पण स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मोकळ्या कबुतरांवर असे लेप तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला, तेव्हा थोडाफार परिणाम दिसला, कबुतरे पूर्ण दूर राहिली मात्र नाहीत. आणि विषय दृश्य उपायांचा असला तरी जाता जाता सांगायला हवे की माणसाला ऐकू न येणारा ‘अल्ट्रासोनिक’ आवाज सोडणारी यंत्रे कबुतरांवर चालण्याचे कारणच नाही, कारण इतका उंच आवाज कबुतरालाही ऐकू येत नाही. तिथे भीती विरण्याचाही प्रश्न येत नाही.

यावर शेतीशी संबंध असलेला वाचक लगेच विचारेल: मग बुजगावण्याचे काय? पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी उगाच काठीला सदरा चढवत होते का? शिवाय फितींच्या बाजूने पुरावाही आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत चमकत्या फितींनी बाजरी, सूर्यफूल आणि मका या पिकांवरून ब्लॅकबर्ड पक्ष्यांच्या झुंडी दूर ठेवल्याची नोंद आहे. हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण नीट पाहिले तर तो इथल्या युक्तिवादालाच बळ देतो. ज्वारीचे कणीस हुरड्यात आल्यापासून कापणीपर्यंत पाखरांची भीती असते ती काही आठवड्यांची. एवढ्या अवधीसाठी एखादी नवी, हलणारी, चमकणारी वस्तू पुरी पडू शकते. पाखरांचीही त्या एका शेताशी जन्मगाठ नसते. या वावरात धोका वाटला तर पलीकडच्या वावरात तेच दाणे आहेत. आणि जुना शेतकरी बुजगावण्यावर कधीच विसंबला नाही. शेतात माळा असायचा, माळ्यावर राखण करणारा असायचा, त्याच्या हातात गोफण असायची आणि गोफणीचा दगड खरोखर लागायचा. सदरा घातलेल्या काठीला जो धाक होता तो त्या दगडाने कमावलेला. आपल्या खिडकीत आपण काठी आणली, माणूस आणि गोफण मात्र मागेच ठेवली. त्यात जागा अशी निवडली की जिथे पक्ष्याला तीन-चार आठवड्यांसाठी नव्हे, वर्षानुवर्षांसाठी यायचे आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: ‘आमच्याकडे तर सीडी लावल्यापासून एकही कबुतर नाही.’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. पण कबुतरे गेली आणि सीडी लावली या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, एवढेच त्यातून कळते. सीडी लावायच्या दिवशी बहुतेक लोक सज्जा घासून धुतात, काड्या काढून टाकतात, कोपऱ्यातली खोकी हलवतात, आणि काही दिवस वारंवार खिडकीत येऊन पाहतात. यांतली प्रत्येक गोष्ट सीडीपेक्षा जास्त परिणाम करणारी आहे. शिवाय कबुतर त्या जागेत किती गुंतले होते, हा मोठाच फरक. बाझेलचे डॅनिएल हाग-वाकरनागेल यांनी कबुतरे हटवण्याच्या साधनांवर वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि त्या कामातून वारंवार हेच दिसते की पक्ष्याची ओढ जितकी तीव्र तितके साधन निकामी ठरते. नुसते ऊन खायला बसणाऱ्या कबुतराला हलवणे सोपे. रोज रात्री तिथेच झोपणाऱ्याला हलवणे अवघड. अंड्यांवर बसलेल्याला हलवणे जवळपास अशक्य, कारण ते तारेच्या काट्यांवरसुद्धा काड्या रचून घरटे करते. आणि ज्यांच्याकडे सीडी ‘लागू’ पडली त्यांची कबुतरे बहुधा एक मजला खाली किंवा वर गेली, हे खालच्या मजल्यावरच्यांना विचारले तर कळेल. ते आता घुबडाच्या शोधात असतात.

तिसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक केलेला आहे. वस्तू रोज हलवावी, बदलत राहावी, आज घुबड, उद्या फीत, परवा भिंगरी; म्हणजे सरावच होणार नाही. हे तत्त्वतः बरोबर आहे. अशी फिरवाफिरव केली तर भीतीचे दिवस नक्की वाढतात. पण मग ते काम कोणाचे? विंबल्डनच्या टेनिस मैदानांवर कबुतरे येऊ नयेत म्हणून हॅरिस जातीचा एक पाळीव शिकारी पक्षी वर्षानुवर्षे उडवला जातो. रूफस हे त्याचे नाव इतके प्रसिद्ध झाले की २०१२ मध्ये तो चोरीला गेला तेव्हा ती जगभर बातमी झाली. सुदैवाने काही दिवसांत तो सापडला. लक्षात घ्यायची गोष्ट ही की तिथे धोका खरा आहे, जिवंत आहे, पंख मारत अंगावर येणारा आहे, आणि तरीही त्याला पुन्हा पुन्हा उडवावे लागते. तेही प्रशिक्षित सांभाळणाऱ्या माणसासह. खऱ्या शिकाऱ्याचा धाक जर असा सतत नवा करावा लागतो, तर नोकरीधंद्याला जाणाऱ्या घरातल्या माणसांनी प्लास्टिकच्या वस्तूंची जागा रोज बदलून वर्षभर तोच परिणाम साधावा, ही अपेक्षा कागदावरच ठीक आहे. पंधरवड्यासाठी मात्र ती अगदी व्यवहार्य आहे, आणि या पंधरवड्याचा उपयोग काय ते शेवटी येईलच.

तर मग उपाय काय? पक्ष्याच्या मनात भीती घालण्याऐवजी त्याची बसण्याची जागाच काढून घेणे. हा उपाय दिसायला रुक्ष आहे, पण त्याला पक्ष्याच्या मताची गरज लागत नाही, आणि जे मतावर अवलंबून नाही ते सरावाने विरतही नाही. अरुंद छज्ज्यावर पंचेचाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून तीव्र उताराची गुळगुळीत पाटी बसवली तर कबुतराला पाय रोवता येत नाहीत. एसीमागची फट जाळीच्या तुकड्याने बंद होते. बाल्कनी, डक्ट यांना ताणून बसवलेली पक्षीजाळी लागते; कबुतरांसाठी साधारण पाच सेंटिमीटरचे भोक चालते, चिमण्याही रोखायच्या असतील तर त्याहून बारीक. यावर दोन तक्रारी होतात. एक, जाळीत पक्षी अडकून मरतात. तक्रार खरी आहे, पण ती सैल जाळीबद्दलची आहे. चारही कडांना तारेवर घट्ट ताणलेल्या जाळीवर पक्षी आपटून परत जातो. ढिली पडलेली, खाली झोळ आलेली, एका कोपऱ्यात फाटलेली जाळी मात्र सापळा होते, आणि तशा जाळ्या आपल्या इमारतींवर कमी नाहीत. म्हणून जाळी लावणे हे एकदाचे काम नाही, दर पावसाळ्यानंतर तिचे ताण आणि गाठी पाहायला हव्यात. दुसरी तक्रार सुरक्षिततेची: आग लागली तर बाहेर पडायची वाट बंद होते. हीदेखील खरी आहे. जाळीचा किंवा ग्रिलचा एक भाग आतून उघडता यायला हवा. हे बसवून घेतानाच सांगावे लागते, नंतर कोणी करत नाही.

जागेइतकाच दुसरा आधार अन्नाचा, आणि इथे घराच्या उपायाची हद्द संपून शहराची सुरू होते. बाझेलमध्ये १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी शहरातली संख्या जवळपास होती तेवढीच राहिली. मेलेल्यांची जागा नवे पक्षी भरून काढत होते, कारण खाणे तेवढेच होते. १९८८ पासून तिथे लोकांना दाणे न टाकण्याबद्दल समजावणारी मोहीम सुरू झाली, जोडीला देखरेखीखालची खुराडी उभारून त्यांतली अंडी काढली गेली, आणि चार-पाच वर्षांत संख्या साधारण निम्मी झाली. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००३ मध्ये आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ मध्ये दाणे टाकण्यावर बंदी आली ती याच कारणाने. मुंबईत हाच प्रश्न २०२५ मध्ये पेटला. जुलैमध्ये राज्य सरकारने शहरातले एकावन्न कबुतरखाने बंद करण्याची भूमिका विधान परिषदेत मांडली, दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, त्यावर आंदोलन झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. आरोग्याची बाजू तिथे ठळकपणे पुढे आली, आणि ती हलकी नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी नोंदणी अभ्यासात फुफ्फुसांच्या अंतर्गत जाळीच्या आजारांच्या १,०८४ भारतीय रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना ॲलर्जीमुळे होणारा ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होता. त्यामागे पक्ष्यांची पिसे आणि विष्ठा हे एक ठळक कारण आहे. मात्र याच अभ्यासात एअर कूलरचाही वाटा मोठा दिसला, तेव्हा प्रत्येक खोकल्याचे खापर कबुतरावर फोडणे अन्यायाचे होईल. दाणे टाकणाऱ्यांचा जीवदयेचा मुद्दा खोटा नाही. पण एका चौकात टाकलेले दाणे म्हणजे आसपासच्या शेकडो सज्ज्यांवर वाढणारी पिल्ले, आणि त्यातली बरीचशी पुढे जाळ्यांत, पंख्यांत, डक्टच्या तळाशी मरतात. या दयेचा हिशेब त्या सज्ज्यांपर्यंत नेऊन मांडला तर तो वेगळा निघतो.

मग सीडी आणि घुबडे फेकून द्यायची का? नाही. त्यांची योग्य जागा बागेत आहे. गच्चीवरच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर पेरली, मटार लावला, की उगवण होऊन रोपे चार-सहा पानांची होईपर्यंतच कबुतरांचा खरा त्रास असतो. कोवळे कोंब आणि पेरलेले दाणे टिपले जातात. हा काळ दोन-तीन आठवड्यांचा, म्हणजे बरोबर भीती टिकण्याइतकाच. उन्हाची, वाऱ्याची मोकळी गच्ची आहे, कबुतराचे तिथे घरटे नाही, नुसती भूक आहे. तिथे ताणलेली फीत, रोज जागा बदललेली भिंगरी काम करते, आणि रोपे मोठी झाली की ती काढून ठेवावी, म्हणजे पुढच्या पेरणीला ती पुन्हा नवी वाटेल. ती वर्षभर लावून ठेवणारा तिचा धाक स्वतःच संपवतो. आणि हेही करायचे नसेल तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कमानीवर टाकून वाफा झाका. मग रोज काही हलवण्याचीही गरज नाही.

घरासाठी क्रम वेगळा. सज्ज्यावर दोन-चार आडव्यातिडव्या काड्या दिसू लागल्या की कबुतराची जोडी जागा पसंत करते आहे असे समजा, आणि ती खिडकी त्या आठवड्यात रोज साफ करा. या दिवसांत घुबड, फीत, काय हवे ते लावा, कारण जोडी अजून गुंतलेली नाही आणि आपल्याला जाळीवाल्याची वेळ मिळेपर्यंतचे दिवसच हवे आहेत. अंडी दिसली तर उशीर झाला; मग पिल्ले उडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण दीड महिना, थांबा. ती गेल्याबरोबर, पुढची अंडी पडण्याआधी, वाळलेली विष्ठा पाण्याने पूर्ण भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून काढा, कोरडी कधीही झाडू नका, आणि त्याच दिवशी फट बंद करून घ्या. जाळीवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण रिकामा सज्जा कबुतर फार दिवस रिकामा ठेवत नाही.